कैलास कोणी कोरला? छिन्नी, अफवा आणि थोडेसे गणित

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेची सहल निघते. मराठवाड्यातल्या शाळेची सहल म्हणजे दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ हे ठरलेलेच. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी कैलास लेण्याच्या प्रांगणात उभा होतो. मराठीच्या तासाला शिल्पकलेवरचा एक पाठ झाला होता, त्यामुळे मी उत्साहात होतो. तेवढ्यात एका मुलाने खिशातून मोबाइल काढला (सहलीत मोबाइल आणायचा नाही, हा नियम मुले कधीच पाळत नाहीत) आणि म्हणाला, "सर, ये इन्सान का काम हैच नै. मैं वीडियो देखा. एलियन लोगां आके मशीन से काटे."

दुसरा म्हणाला, "नै सर, मेरी नानी बोलती, जिन्नात बनाए. एक रात में."

मी हसलो. मग पाठीमागून तिसरा आला. हुशार आणि तसा कमी बोलणारा मुलगा. सगळे पुढे गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात मराठीत विचारले, "सर, औरंगजेबाने हजार माणसे लावून तीन वर्षे हे मंदिर तोडायचा प्रयत्न केला होता, हे खरे आहे का? तिकडे ते गाइड दुसऱ्या शाळेच्या मुलांना सांगत होते. ती मुले आमच्याकडे बघत होती."

पहिल्या दोन वाक्यांना मी हसू शकलो होतो, तिसऱ्याला हसता आले नाही. तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो, "शाळेत गेल्यावर सांगतो." खरे म्हणजे माझ्याजवळ त्या क्षणी नीट उत्तर नव्हते. हा लेख त्या मुलाला दिलेले उत्तर आहे. थोडे उशिरा दिलेले.

आधी माझी चूक

इतरांच्या अफवांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या घरातली अफवा सांगायला हवी. बी.एड. करत होतो तेव्हाची गोष्ट. कोणीतरी एक छापील फोटो आणला होता. वाळवंटात खोदकाम चाललेले, आणि खड्ड्यात माणसाचा एक अवाढव्य सांगाडा. शेजारी उभी असलेली माणसे त्याच्या कवटीपुढे मुंगीएवढी. खाली लिहिले होते की सौदी अरबस्तानात कुरआनमध्ये उल्लेख असलेल्या 'आद' कौमच्या माणसाचा हा सांगाडा सापडला आहे. मी तो फोटो झेरॉक्स करून वहीत ठेवला. पुढे नोकरी लागल्यावर एका वर्गाला दाखवलासुद्धा. "अशा उंच माणसांनीच डोंगर कोरले," असे मी सांगितले आणि मुलांनी डोळे मोठे करून ऐकले.

काही वर्षांनी कळले की ते चित्र २००२ साली एका संकेतस्थळावरच्या स्पर्धेसाठी संगणकावर जोडून बनवलेले होते. दोन-तीन फोटो चिकटवून विनोद म्हणून केलेले काम. नॅशनल जिऑग्राफिकने २००७ मध्ये त्याचा खुलासाही छापला. तरी ते चित्र आजही दर रमजानमध्ये कोणत्या ना कोणत्या ग्रुपवर येते. तेव्हा मी ज्या मुलांना ते दाखवले, ती आता तिशीत असतील. त्यातल्या किती जणांनी ते पुढे आपल्या मुलांना सांगितले असेल, हा विचार मला अजून टोचतो.

म्हणून आता एक नियम केला आहे. दगडाबद्दल काही ऐकले की आधी दगडाकडेच जायचे. दगड सहसा खोटे बोलत नाही.

मदाइन सालेह काय सांगते?

मदिनेच्या उत्तरेला अल-उला परिसरात अल-हिज्र नावाची जागा आहे. आपल्याकडे तिला मदाइन सालेह म्हणतात. वालुकाश्माच्या सुट्या टेकड्या, आणि त्यांच्या अंगावर कोरलेले भव्य दर्शनी भाग, खांब, दारे, वर पायऱ्यांसारखी नक्षी. अशा १११ कबरी तिथे आहेत, त्यांपैकी ९४ नक्षीदार. २००८ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सौदी अरबस्तानातली ती पहिली जागा.

कुरआनमध्ये समूद कौमचा उल्लेख येतो, ज्यांच्याकडे हजरत सालेह अलैहिस्सलाम पाठवले गेले. ते डोंगरात घरे कोरत आणि त्यामुळे स्वतःला सुरक्षित समजत. तबूकच्या मोहिमेवर जाताना नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम या भागातून गेले, तेव्हा त्यांनी सोबत्यांना तिथून रडत आणि लवकर पुढे जायला सांगितले, असे हदीसमध्ये आहे. समूद हे नाव इतिहासालाही ठाऊक आहे. इ.स.पूर्व आठव्या शतकात असीरियाचा राजा दुसरा सारगॉन याच्या लेखांत या नावाच्या जमातीचा उल्लेख आहे.

पण आज पर्यटक ज्या कोरीव दर्शनी भागांचे फोटो काढतात, त्यांवर शिलालेख आहेत. ते नबाती लिपीत आहेत. हीच लिपी पुढे बदलत बदलत अरबी लिपीकडे गेली. त्या लेखांत वर्ष दिलेले असते, बहुतेक वेळा नबाती राजा हारिसा चौथा याच्या राज्यारोहणापासून मोजलेले. म्हणजे इ.स.पूर्व ९ ते इ.स. ४० हा काळ. कबर कोणाची, त्यात कोणाला पुरता येईल, कोणी बळकावली तर दंड किती आणि शाप कोणता, हे सगळे त्यात असते. वाचताना तलाठी कार्यालयातल्या खरेदीखताची आठवण येते. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोरणाऱ्यांची नावे. अफ्तह, अब्दउबादत, वहबल्लाह अशा कारागिरांनी आपल्या कामाखाली नाव टाकले आहे. बाप कोरीव काम करणारा, मुलगाही तेच करणारा, असे घराणेही त्यातून दिसते.

या दोन गोष्टींत मला भांडण दिसत नाही. कुरआनमधली समूदची हकीकत माणसाच्या घमेंडीबद्दल आहे. डोंगरात घर कोरले म्हणून कोणी अमर होत नाही, हा तिचा बोध. कोणत्या कबरीची नक्षी कोणत्या वर्षी पूर्ण झाली, हे सांगायला शिलालेख आहे. इमान टिकवायला मला राक्षसाच्या सांगाड्याची गरज नाही, आणि अफ्तहचे नाव पुसायची तर मुळीच नाही.

तिथे कसर अल-फरीद नावाची एक एकटी कबर आहे. एका सुट्या प्रचंड खडकात कोरलेली, सुमारे ७० फूट उंच. तिचा वरचा भाग गुळगुळीत, रेखीव आहे. खाली यावे तसे काम खडबडीत होत जाते आणि तळाशी छिन्नीचे ओरखडे तसेच राहिले आहेत. काम अर्धवट सुटले. पण त्या अर्धवटपणानेच गुपित उघडे केले, की कोरणारे वरून खाली येत होते. आधी माथा, मग खांदे, मग पाय.

अर्धवट कामे हीच खरी पाठ्यपुस्तके

पूर्ण झालेली इमारत आपल्याला चकित करते. अर्धवट राहिलेली शिकवते. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, गणिताचे नुसते उत्तर पाहू नका, रीत पाहा. जगभरच्या दगडकामाची रीत अशा सुटलेल्या कामांत दिसते.

इजिप्तमध्ये अस्वानच्या खाणीत ग्रॅनाइटचा एक आडवा पडलेला स्तंभ आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, आणि पूर्ण झाला असता तर वजन हजार टनांच्या पुढे. तीन बाजूंनी सुटा केलेला, पण खालून अजून डोंगराला चिकटलेला. काम चालू असताना त्याला तडे गेले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो तिथेच सोडून दिला गेला. त्याच्या भोवतालच्या चरांत डोलेराइट या ग्रॅनाइटहून चिवट दगडाचे गोळे सापडले. रेजिनाल्ड एंगलबाख या अभियंत्याने १९२२ च्या सुमारास ती जागा साफ केली आणि असा गोळा हातात घेऊन ग्रॅनाइटवर स्वतः ठोकून पाहिले. ग्रॅनाइट भुगा होऊन निघतो. फार हळू, पण निघतो. लेझरही लागत नाही आणि परग्रहावरचा पाहुणाही लागत नाही. लागते ते माणसांचे मनगट, आणि त्यांना रोज भाकरी घालणारे राज्य.

इथिओपियात लालिबेला इथे खडकात खाली उतरत कोरलेली अकरा चर्च आहेत. बारावे-तेरावे शतक. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी की दिवसा माणसे काम करत आणि रात्री फरिश्ते येऊन त्याच्या दुप्पट करून जात. मला ही गोष्ट वाचल्यावर एकदम नाशिक आठवले. तिथल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात कुठेही लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेले असते. माझ्या विद्यार्थ्याची नानी जिन्नात म्हणते, लालिबेलाची आजी फरिश्ते म्हणते, नाशिकची आजी पांडव म्हणते. तिन्ही आज्या एकच गोष्ट सांगत आहेत, की 'हे पाहून आमची मती गुंग झाली.' त्या नवलात प्रेम आहे. मला त्याचा राग येत नाही.

राग येतो तो नव्या प्रकाराचा. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन यांचे पुस्तक आले आणि 'प्राचीन वास्तू परग्रहवासीयांनी बांधल्या' हा धंदा जोरात सुरू झाला. यात एक खोच आहे, ती मुलांना मुद्दाम दाखवावी लागते. हे परग्रहवासी इजिप्तला उतरतात, पेरूला उतरतात, भारतात उतरतात. युरोपातल्या मोठमोठ्या चर्चांचे श्रेय मात्र सहसा गवंड्यांनाच मिळते. आफ्रिकेत तर याचे उघडे राजकारण झाले. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती आफ्रिकी लोकांनी बांधल्या हे तिथल्या गोऱ्या राजवटीला पचत नव्हते. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी पुराव्यानिशी सांगितले की हे स्थानिकांचेच काम आहे, तरीही अनेक वर्षे ते दडपले गेले. 'हे तुमच्या पूर्वजांना जमणे शक्य नाही,' हे वाक्य ऐकायला कौतुकासारखे वाटते, पण आहे ते अपमानाचे.

आता कैलासकडे

वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. त्यातले सोळावे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३. इ.स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात या कृष्णराजाने एलापूर येथे अद्भुत मंदिर करवल्याचा उल्लेख आहे. त्यात एक सुंदर कल्पना येते. मंदिर पाहून विमानातून जाणारे देव तर थक्क होतातच, पण ज्याने ते केले तो कारागीर स्वतःच आश्चर्य करतो की हे माझ्या हातून झाले तरी कसे! म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही अचंबा वाटत होता. फरक एवढाच की त्या अचंब्यात कारागीर हजर होता. आजच्या व्हिडिओत तो गायब आहे.

कैलास आकाशातून पडलेले नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये लेणी कोरण्याची विद्या त्याच्या आधी नऊशे वर्षे चालत आलेली होती. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात एका यक्षाच्या मूर्तीवर कान्हदास नावाच्या सोनाराने ती केल्याचे लिहिले आहे. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. सोनार मूर्ती घडवतो, सुतार दगडी दार करतो. हातातली कला एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर कशी जाते, हे त्यातून कळते. मंदिराचा आराखडाही नवा नव्हता. चालुक्यांच्या राणीने पट्टदकलला बांधवलेले विरूपाक्ष मंदिर काही दशके आधीचे, आणि कैलासशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. ते दगडावर दगड ठेवून बांधले होते, हे डोंगरातून काढले.

कसे काढले? डोंगराच्या उतारावर वरून तीन बाजूंनी खोल चर खणले, दोन्ही अंगांना आणि मागे. मधे एक प्रचंड ठोकळा शिल्लक राहिला. मग त्या ठोकळ्यात माथ्यापासून काम सुरू. शिखर पूर्ण करायचे, मगच खाली सरकायचे. यात मोठी सोय अशी की परांची बांधावी लागत नाही. ज्या खडकावर उभे राहून शिखर कोरले, तोच खडक नंतर खणत खणत खाली जायचे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त एक कथा आहे. राणीने नवस केला की देवळाचा कळस पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हरले, तेव्हा पैठणचा कोकास पुढे आला आणि त्याने कळसापासूनच काम सुरू केले. कथा ती कथा. पण तिच्यात रीत मात्र अचूक सांगितलेली आहे.

हत्यारे म्हणाल तर लोखंडाची छिन्नी, हातोडा, घण, पहार, पाचर. बेसाल्ट कठीण असतो, पण लाव्हा थंड होताना त्यात सांधे आणि भेगा पडतात. जाणकार माणूस दगडाची नस पाहून घाव घालतो. माझ्या लहानपणी गल्लीत वडारीण यायची, "टाकी लावायची का टाकीऽऽ" असे ओरडत. अम्मी पाटा-वरवंटा बाहेर काढून द्यायची. ती बाई उकिडवी बसून छोट्या छिन्नीने टकटक करत पाट्यावर एकसारखे ठिपके पाडायची. तो पाटाही बेसाल्टचाच. तिच्या त्या छिन्नीच्या खुणा आणि लेण्यांच्या अर्धवट भिंतींवरच्या खुणा शेजारी ठेवा. एकाच भाषेतली अक्षरे वाटतील. आणि छिन्नी सारखी बोथट होते, म्हणून दगड फोडणाऱ्याच्या मागे भाता पेटवून बसलेला लोहार हवा. लोहाराला कोळसा हवा, कोळशाला लाकूडतोड्या हवा, सगळ्यांना पाणी आणि भाकरी हवी. कैलासच्या मागे एक अख्खे गाव उभे आहे.

फळ्यावरचे गणित

सहलीहून आल्यावर मी त्या वर्गात मराठीच्या तासाला गणित शिकवले. मुलांना मजा वाटली. तुम्हीही कागद-पेन घ्या.

कैलासचे प्रांगण साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. मागचा कडा सुमारे १०७ फूट. २७६ गुणिले १५४ म्हणजे ४२,५०४ चौरस फूट. डोंगर उतरता आहे, मागे खोल आणि पुढे उथळ, म्हणून खोलीची सरासरी निम्मी धरू, ५३.५ फूट. गुणाकार येतो सुमारे २२ लाख ७४ हजार घनफूट. यातून मधे शिल्लक ठेवलेले मंदिर वजा करा, बाजूची दालने मिळवा. ढोबळ मानाने २० लाख घनफूट दगड बाहेर काढला असे म्हणू.

आता माणसे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ मधुकर केशव ढवळीकर यांनी हिशोब मांडला होता की एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड काढू शकतो, आणि त्या दराने अडीचशे माणसांना हे काम साडेपाच वर्षांत करता येते. पडताळून पाहा. २५० गुणिले ४ म्हणजे रोज १,००० घनफूट. साडेपाच वर्षांत सुमारे २० लाख. आपले उत्तर जुळले!

हे झाले फोडण्याचे काम. वाहून नेणारे, लोहार, आखणी करणारे, मूर्ती घडवणारे वेगळे. सगळे एकाच राजाच्या काळात झाले असेही नाही. हर्मन गोएट्झ यांच्या मते अनेक राजांच्या कारकिर्दींत हे काम चालले, आणि ढवळीकरांच्या मतेही मुख्य भाग कृष्ण राजाचा असला तरी काही भाग नंतरचे आहेत. म्हणजे वेळ हवा तेवढा होता. यात अशक्य काहीच नाही. अवघड मात्र सगळेच आहे.

आता त्या तिसऱ्या मुलाचा प्रश्न. हजार माणसे, तीन वर्षे, आणि तरी मंदिर तुटले नाही. त्याच दराने मांडू. १,००० गुणिले ४ गुणिले ३६५ गुणिले ३. उत्तर ४३ लाख ८० हजार घनफूट. अख्खे प्रांगण खोदायला जेवढा दगड काढावा लागला, त्याच्या दुपटीहून जास्त! आणि हा दर कोरणाऱ्यांचा आहे. तोडणाऱ्याला तर जपून घाव घालायची गरजच नसते. हजार माणसे तीन वर्षे तिथे राबली असती, तर आज मंदिर राहिले नसते, हत्ती राहिले नसते. तिथे नुसता खड्डा दिसला असता.

फळ्यावर उत्तर आले तेव्हा वर्गात शांतता होती. तो मुलगा खाली मान घालून आकडा वहीत उतरवून घेत होता.

पण अर्धे उत्तर देऊन चालणार नाही

इथे थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण शिक्षकाने सोयीचे तेवढेच शिकवले तर त्याच्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक राहत नाही.

औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास 'मआसिर-ए-आलमगिरी' उर्दू भाषांतरात वाचता येतो. साकी मुस्तैद खान याने तो बादशहाच्या मृत्यूनंतर, १७१० मध्ये पूर्ण केला. काशीचे विश्वनाथ मंदिर आणि मथुरेचे केशवदेव मंदिर पाडल्याचे त्यात लिहिले आहे, लपवून नव्हे तर अभिमानाने. ते घडले. ते मुलांपासून लपवायचे नाही. 'आपला' बादशहा म्हणून त्याची वकिली करण्याचे ओझे नववीतल्या मुलाने का उचलावे? तो त्याचा कोण लागतो?

पण त्याच ग्रंथात, पाडापाडी अभिमानाने नोंदवणाऱ्या त्याच लेखणीने, वेरूळच्या लेण्यांचे वर्णन केले आहे ते पाहण्यासारखी विलक्षण जागा म्हणून. हजार माणसांच्या मोहिमेचे नावही त्यात नाही. जो लेखक यशस्वी मोहिमा मिरवतो, त्याचे मौनही पुरावा असते. वेरूळच्या काही मूर्ती भंगलेल्या आहेत, ते डोळ्यांना दिसते आणि मनाला लागते. म्हणून त्यावर वाटेल ती कहाणी चिकटवायची मुभा मिळत नाही.

आणि वेरूळ पाहून थक्क होणारा तो पहिला मुसलमान नव्हे. दहाव्या शतकात अल-मसऊदी या अरब इतिहासकाराने या स्थळाचा उल्लेख केला आहे. फिरिश्ता सांगतो की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्प खानाचे तीनशे सैनिक मोहीम थांबवून, परवानगी काढून लेणी बघायला गेले होते. म्हणजे सहलीचा मोह तेव्हाही आवरत नव्हता! सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूर दरबारातल्या रफीउद्दीन शिराजीने या लेण्यांचे कौतुकाने वर्णन लिहिले. चौदाव्या शतकापासून लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादेत सूफी राहत होते. आणि हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले, तेव्हा त्याचे पहिले संचालक झाले गुलाम यझदानी. अजिंठा-वेरूळच्या जतनात आणि अभ्यासात या माणसाने आयुष्य घातले. अजिंठ्यावरचे त्यांचे ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मुलांना औरंगजेबाचे नाव माहीत असते, यझदानींचे नसते. ही चूक आमची, शिकवणाऱ्यांची.

शेवटी, एका बापाचे म्हणणे

या गणिताची गोष्ट घरी सांगून एक मुलगी दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन शाळेत आली. ते कब्रस्तानासाठी कत्बे कोरतात. संगमरवरावर आणि काळ्या दगडावर नाव, तारीख, दुआ. हातांना दगडाची भुकटी कायमची बसलेली. मी त्यांना वर्गात बसवले आणि विचारले, "भाई, कैलास पाहिला आहे का?"

ते म्हणाले, "पाहिला सर. लोक वर बघतात, उंची किती म्हणून. मी कोपरे बघत होतो. आमच्याकडे एक अक्षर चुकले की दगड बदलता येतो. दोनशे-चारशे रुपयांचे नुकसान. तिथे दगड बदलायची सोय नव्हती. वर चूक झाली असती तर खालपर्यंत दिसली असती. त्या लोकांना रात्री झोप कशी लागली असेल?"

पुस्तकांत आणि व्हिडिओंत मला हा प्रश्न कुठे भेटला नव्हता. तो दगडाला हात लावणाऱ्या माणसालाच सुचतो.

कैलास कोरणाऱ्यांची नावे अफ्तहसारखी दगडावर राहिली नाहीत. म्हणून तर ती जागा रिकामी दिसते आणि जो येतो तो तिथे आपल्याला हवे ते नाव भरतो. कोणी परग्रहवासी भरतो, कोणी जिन्नात, आणि तोडणाऱ्याच्या जागी कोणी सोयीचा खलनायक. त्या रिकाम्या जागेवर हक्क आहे तो छिन्नी धरलेल्या हातांचा. ते हात कोणत्या देवाला जोडले जात होते, यावरून त्यांच्या मेहनतीचा आदर कमी-जास्त करण्याचे मला काही कारण दिसत नाही.

यंदा पुन्हा सहल काढली. तो कमी बोलणारा मुलगा आता अकरावीत आहे, तरी सुट्टी काढून आमच्यासोबत आला. कैलासच्या प्रांगणात गाइड कुठल्याशा शाळेच्या मुलांना तीच हजार माणसांची गोष्ट सांगत होते. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग अदबीने पुढे झाला आणि म्हणाला, "काका, एक गणित करून बघायचे का?"

गाइड हसले आणि म्हणाले, "सांग की." दोन्ही शाळांची मुले त्याच्याभोवती गोळा झाली.